अपत्ये : नाहीत

दातांच्या लॅबमध्ये मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना बाई म्हणत, म्हणून आपणही बाईच म्हणू. कवळ्या बनवायच्या हे त्यांचं काम. डॉक्टरांकडून माणसाच्या तोंडाचा ठसा यायचा. त्यावरून प्लॅस्टरचा जबडा ओतायचा, त्यावर मेणात एकेक दात बसवायचा, आणि शेवटी मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरून ते घासून गुळगुळीत करायचं. वीसेक वर्षं त्या हेच करत होत्या. एकाची कवळी चुकून दुसऱ्याच्या डबीत गेली की काय होतं ते त्यांनी एकदा पाहिलं होतं. तेव्हापासून डबीवरचं नाव वाचल्याशिवाय त्या झाकण लावत नसत.

घटस्फोटाला पंचवीस वर्षं होत आली होती. मुलगा तेव्हा लहान होता, दुसरीत. तो बाईंकडेच राहिला आणि सुट्टीत वडिलांकडे जात राहिला. वडिलांनी लवकरच दुसरं लग्न केलं. मुलगा त्या नव्या बाईला मावशी म्हणू लागला. तिला स्वतःचं मूल झालं नाही. पुढे मुलाला कॉलेज नेमकं वडिलांच्या शहरात मिळालं, तेव्हा चार वर्षं तो तिकडे राहिला, मावशीच्या हातचं जेवला, आणि सुट्टीला घरी यायचा तो इस्त्रीच्या कडक घडीचे शर्ट घेऊन. बाई त्याबद्दल कधी वाकडं बोलल्या नाहीत. शर्ट मात्र त्या पुन्हा एकदा धुवायला टाकत.

सासर सुटलं तरी एक नणंद सुटली नव्हती. वर्षा-सहा महिन्यांनी तिचा फोन यायचा, कुणाचं काय चाललंय ते कळायचं. तिनेच एक दिवस मोबाईलवर लिंक पाठवली. चुलतदिरांनी सगळ्या घराण्याचा वंशवृक्ष इंटरनेटवर चढवलाय, जुने फोटो टाकलेत, आमच्या आईचा तरुणपणीचा फोटो बघा वहिनी, किती सुंदर दिसायची ती, असं तिने लिहिलं होतं.

बाईंनी जेवणाच्या सुट्टीत लिंक उघडली. सासूबाईंचा फोटो खरंच छान होता. मग बोटाने सरकवत त्या खाली आल्या. प्रत्येक माणसाची एक चौकट, चौकटीतून निघालेल्या रेघा. नवऱ्याच्या चौकटीला दोन बायका जोडलेल्या होत्या. पहिली त्या स्वतः. जन्मसाल बरोबर, लग्नाचं साल चुकलेलं, आणि त्याखाली लिहिलेलं : 'अपत्ये : नाहीत.' मुलाच्या चौकटीतून वर गेलेली रेघ दुसऱ्या बायकोकडे गेली होती. तिच्या खाली होतं, 'अपत्ये : एक.' आधार काय, या रकान्यात दोनच शब्द होते, 'कौटुंबिक माहिती'.

बाईंना आधी हसूच आलं. समोर बसलेल्या पॉलिशवाल्याला त्यांनी मोबाईल दाखवला. तो म्हणाला, बरं झालं बाई, बाळंतपणाची कटकटच मिटली. बाई पुन्हा हसल्या. चूक आहे, कुणाच्या तरी लक्षात आली नाही, सांगितलं की दुरुस्त होईल, अशा समजुतीने त्यांनी तिथल्या तिथे चुलतदिरांना निरोप लिहिला.

चुलतदीर विमा कंपनीतून निवृत्त झाले होते आणि त्यानंतर त्यांना या झाडाचा नाद लागला होता. कुठल्याही अनोळखी माणसाच्या झाडात आपलं आडनाव दिसलं की त्याची अख्खी फांदी उचलून ते आपल्याकडे चिकटवत. असं करून त्यांनी अकरा हजार माणसं जमवली होती. त्यांत एक पूर्वज स्वतःच्या आईपेक्षा वयाने मोठे होते. एका बाईला ती गेल्यानंतर तीन मुलं झाली होती. सगळ्यात वर एक सेनापती बसवला होता आणि त्याच्यापासून आपण थेट खाली आलो, असं चुलतदीर लग्नसमारंभात लोकांना गाठून गाठून सांगत.

त्यांचं उत्तर आलं ते अदबीचं होतं. वहिनी, इतक्या वर्षांनी तुमची आठवण झाली, बरं वाटलं. बदल जरूर करू, मात्र आधार हवा, आधाराशिवाय नोंद बदलायची नाही अशी शिस्त आपण ठेवली आहे. बाईंच्या डोळ्यांसमोर तो सेनापती आला. तरी कपाटातून त्यांनी मुलाच्या जन्माचा दाखला काढला, आईचं नाव नीट वाचता येईल असा फोटो घेतला आणि पाठवला. दुसऱ्या दिवशी नोंद दुरुस्त झाली. चुलतदिरांनी 'चूकभूल द्यावी घ्यावी' असं लिहून खाली हात जोडलेलं चित्र टाकलं.

प्रकरण तिथेच मिटायचं. पण बाईंना मधेच ते पान उघडून बघायची सवय लागली. डबा खाता खाता उघडायचं, आपली चौकट बघायची, बंद करायचं. असंच एक दिवस उघडलं तर पुन्हा 'नाहीत'. त्यांनी पुन्हा लिहिलं, चुलतदिरांनी पुन्हा दुरुस्त केलं. पुन्हा काही दिवसांनी तेच. तिसऱ्यांदा बाईंनी लिहिलं नाही, सरळ फोन लावला.

"वहिनी, मला यात मधे घेऊ नका," चुलतदीर सुरुवातीलाच म्हणाले.

"मी कुठे घेतलं, भाऊजी? झाड तुमचं आहे."

"झाड माझं, पण घराण्यातल्या ज्याची त्याला आपली चौकट, आपली आईवडिलांची रेघ बदलता येते. मी फक्त बघू शकतो, कोणी बदललं ते."

"कोणी बदललं?"

पलीकडे त्यांनी घसा साफ केला. खूप वेळ साफ केला. मग म्हणाले, "ज्याची रेघ आहे त्यानेच. तिन्ही वेळा. आता तुमच्या दाखल्याचं ऐकायचं, की त्याचं स्वतःचं, तुम्हीच सांगा."

बाईंनी फोन ठेवला आणि कामाला बसल्या. संध्याकाळी मालकाने त्यांचं मेणाचं काम उजेडात धरून पाहिलं. समोरचे दोन दात डावे-उजवे झाले होते. बाई, बरं नाही का, त्याने विचारलं. डोळे दुखतात म्हणून त्यांनी सांगितलं आणि दात काढून परत बसवले.

मुलाला फोनवर विचारता आलं असतं. त्यांनी विचारलं नाही. रविवारी सकाळची बस धरली आणि त्याच्या गावी गेल्या. येते म्हणून फक्त सुनेला कळवलं. सुनेला दिवस गेले होते, पोट दिसायला लागलं होतं. तिला आनंद झाला. तिने जेवायला वाढलं, बाळाच्या खोलीला कोणता रंग द्यायचा ते विचारलं. बाईंनी सगळ्याची उत्तरं दिली. मुलगा जेवताना एकदाही मान वर करत नव्हता, तेव्हा चुलतदिरांनी त्यालाही कळवलेलं दिसतंय, हे त्या समजून चुकल्या. जेवण झाल्यावर सून आडवी झाली आणि मायलेक वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेले.

वर पाण्याच्या टाक्यांच्या सावलीत उभं राहून त्याने आपण होऊनच सांगायला सुरुवात केली. मावशीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. वर्ष झालं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. वडिलांना ते बघवत नसे, म्हणून शनिवारी तो जाऊन बसायचा. बाईंना तो शनिवारी ऑफिस असतं म्हणून सांगत असे. चार तास त्या खुर्चीत पडून राहायचं, तर करमणूक म्हणून त्याने तिला काकांचं ते झाड दाखवलं. तिला मजा वाटली. कोण कुणाचा कोण ते ती विचारत राहिली. मग तिची स्वतःची चौकट आली. तिथे लिहिलेलं होतं, अपत्ये : नाहीत.

"तिने वाचलं, आणि म्हणाली, खरंच आहे की. बस, एवढंच. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली," मुलगा म्हणाला. "मी तिथेच बसून बदललं, आई. तिला दाखवलं. तिने नर्सला दाखवलं. शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांना दाखवलं. दर शनिवारी ती ते उघडायला सांगते. मधे दोनदा मुळावर परत गेलं होतं, तर तिचा चेहरा..."

"मुळावर नाही. खऱ्यावर," बाई म्हणाल्या.

बाई दोरीवरचे चिमटे काढत राहिल्या. त्या पानावर काय काय करता येतं ते एव्हाना त्यांना पाठ झालं होतं.

"तिथे सावत्र आई असंही लिहिता येतं. मी बघितलंय."

"तो शब्द तिला दाखवायचा नव्हता मला."

"आणि माझ्या नावाखाली नाहीत लिहिलेलं मला दिसलं तर चालणार होतं."

"तू कशाला बघशील, असं वाटलं."

"मला विचारायचं होतंस."

"तू हो म्हणाली असतीस?"

बाईंनी खरं तेच सांगितलं. "नसते म्हणाले."

"मग?" मुलगा म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

मावशीला बाईंनी आयुष्यात दोनदा पाहिलं होतं. दुसऱ्यांदा पाहिलं ते मुलाच्या पदवीदान समारंभात. पालकांसाठी पुढच्या रांगेत दोनच खुर्च्या होत्या. बाई दारातून आत आल्या तशी मावशी उठली, पर्स उचलली आणि काही न बोलता मागे कुठेतरी जाऊन बसली. बाईंना त्या दिवशी तिचा जेवढा राग आला तेवढा नवरा सोडून गेला तेव्हाही आला नव्हता. अशा बाईचा धड द्वेषही करता येत नाही, ही त्यांची तक्रार होती, आणि ती कुणाकडे करता येण्यासारखी नव्हती.

"ती आहे तोवर राहू दे," त्या शेवटी म्हणाल्या. "नंतर बदल."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आपण एका जिवंत बाईच्या मरणाची मुदत घातली. मुलाने मान हलवली, कुरिअरच्या कागदावर सही करावी तशी. दोघांनी चादरीची घडी घातली, टोकाला टोक जुळवून, आणि खाली आले.

मावशी दोन महिन्यांनी गेली. नणंदेने फोन करून बाईंना यायला सांगितलं. काय म्हणून यायचं, असं बाईंनी विचारलं. वर्तमानपत्रात छोटी बातमी आली, तिच्या पश्चात पती, मुलगा व सून असा परिवार आहे. बाईंनी ती वाचली, गिळली, आणि पुढचं पान उलटलं.

मुलाला त्यांनी आठवण करून दिली नाही. मरणाची वसुली करायला निघाल्यासारखं ते दिसलं असतं. त्या वाट बघत राहिल्या. महिना गेला आणि एका दुपारी त्याचा निरोप आला, 'आई, बदललं.' बाईंनी हातावरचं प्लॅस्टर पुसून पान उघडलं. अपत्ये : एक. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसाठी बिस्किटं मागवली. पॉलिशवाल्याने कारण विचारलं, तर म्हणाल्या, मला मुलगा झाला.

पण वर्षभर ती नोंद तिथे उघडी पडून होती आणि चुलतदिरांसारखे लोक जगात काही एकटेदुकटे नसतात. थोड्याच दिवसांनी साइटवर बाईंना सूचना दिसली, तुमच्याशी जुळणाऱ्या सहा नोंदी इतर वंशवृक्षांत आहेत. त्यांनी एकेक उघडली. सहाच्या सहा ठिकाणी त्यांना मूल नव्हतं. एका ठिकाणी तर त्या वारल्याच होत्या. नवऱ्याने दुसरं लग्न केलं त्याअर्थी पहिली गेली असणार, असा कुणीतरी हिशेब केला होता आणि त्या लग्नाच्या आधीचं साल मृत्यूच्या रकान्यात भरून टाकलं होतं.

बाईंनी सहाही जणांना लिहिलं. चौघांनी उत्तरच दिलं नाही. एकाने लिहिलं की वडिलांनी केलेलं झाड आहे, ते आता नाहीत, मला त्यात हात लावायला जमत नाही. सहावी, बाईंना मृत दाखवणारी, एक प्राध्यापिका होती, फार दूरच्या शहरातली, नात्यात कुठे बसते ते बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. तिचं उत्तर सविस्तर होतं. तिने लिहिलं होतं की आमची अपत्यांची नोंद इतर पाच वंशवृक्षांशी तंतोतंत जुळते, तुम्ही म्हणता ती फक्त एकाच ठिकाणी आहे, आणि तीसुद्धा अलीकडे बदललेली दिसते. एवढ्यावरून मृत व्यक्तीची माहिती बदलणं योग्य होणार नाही. शेवटी तिने विचारलं होतं, सदर मृत व्यक्तीशी आपलं नातं काय?

बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. ती पाचही झाडं एकमेकांवरून उतरवलेली आहेत, पाच साक्षीदार नाहीत, एकच अफवा पाच तोंडांनी बोलते आहे, हे त्यांना समजावून सांगायचं होतं. त्यांनी लिहायला घेतलं. 'मी स्वतःच' एवढं लिहून झालं आणि पुढे काय लिहावं ते कळेना. मी स्वतःच मी आहे, याला आधार काय जोडायचा? त्यांनी जन्मदाखल्याचा तोच फोटो पुन्हा पाठवला. प्राध्यापिकेने आभार मानले आणि नोंद तपासणीसाठी ठेवली आहे असं कळवलं. ती ठेवलेलीच राहिली.

त्यानंतर एकदा चुलतदिरांच्या झाडातली चौकटही परत फिरली. या वेळी मुलाने हात लावला नव्हता. बाईंनी फोन केला तेव्हा चुलतदीर ओशाळले. साइटच आपोआप सुधारणा सुचवते, सहा झाडांत एक गोष्ट आणि तुमच्यात वेगळी, बदलायचं का, असं विचारते. शेकड्यांनी येतात त्या सूचना, मी सगळ्या एकदम मान्य करून टाकतो, वहिनी, एकेक बघत बसलो तर जन्म पुरायचा नाही. आता परत करून देतो, म्हणाले.

"राहू दे, भाऊजी," बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी पुन्हा जाईल. तुम्हाला तरी किती त्रास."

हे त्या रागाने म्हणाल्या नव्हत्या. त्यांना फक्त कंटाळा आला होता. चुलतदिरांना मात्र सुटल्यासारखं झालं, आणि ते त्यांच्या आवाजात स्पष्ट ऐकू आलं.

सुनेला मुलगी झाली. मुलाचा फोन आला तेव्हा बाई लॅबमध्ये होत्या. हातातलं काम पॉलिशवाल्याच्या स्वाधीन करून त्या तशाच निघाल्या. हॉस्पिटलच्या खोलीत पोचल्या तेव्हा नवऱ्याकडची मंडळी आधीच आलेली होती. बाईंचा पूर्वीचा नवरा बाहेर बाकावर बसला होता. त्याने मान हलवली, यांनी हलवली. आत खिडकीशी चुलतदीर उभे होते आणि सोबत त्यांची नवी सून, गेल्याच वर्षी घरात आलेली, हसरी मुलगी. बाळाच्या आईला तपासणीसाठी नेलं होतं. मुलाने पुढे होऊन बाळ बाईंच्या हातात दिलं. ते इतकं हलकं होतं की बाईंनी नकळत दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट धरली.

चुलतदिरांची सून वाकून बाळाकडे बघू लागली. मग कौतुकाने म्हणाली, "कपाळ बघा ना. हुबेहूब काकूंचं. त्यांनी बघायला हवं होतं हिला. शेवटी आजीचंच रक्त."

काकू म्हणजे मावशी. खोलीतल्या सगळ्यांना ते कळलं. चुलतदिरांनी खिशातून मोबाईल काढला आणि त्यात बघू लागले. मुलगा पाळण्यातली दुपटी सारखी करत होता. ती आधीच सारखी होती.

त्या हसऱ्या मुलीला आपलं काही चुकलं असं वाटलंच नव्हतं. तिने बाईंकडे वळून गोड आवाजात विचारलं, "तुम्ही हिच्या आईकडच्या का?"

बाईंनी मुलाकडे पाहिलं. वाक्य एवढंसंच होतं, कुणीही बोलू शकलं असतं, पण त्याने बोलायला हवं होतं. तो दुपट्याची कड दुमडत राहिला.

"मी दातांच्या लॅबमध्ये असते," बाई म्हणाल्या.

ती मुलगी गोंधळून हसली आणि बरं बरं म्हणाली. बाईंनी बाळाला आणखी थोडा वेळ धरलं. ते झोपेत ओठ हलवत होतं. मग त्यांनी ते मुलाच्या हातात दिलं आणि निघाल्या. ती तपासणीहून परत आली की तिला माझा निरोप सांग, पुन्हा येईन, एवढं म्हणाल्या.

त्या लिफ्टपाशी उभ्या होत्या तेव्हा मुलगा मागून धावत आला. बाळ कुणाकडे तरी देऊन आला होता.

"आई, ती नवीन आहे गं. तिला माहीत नाही."

"तुला माहीत होतं ना?" बाई म्हणाल्या.

लिफ्ट आली. आत एका म्हाताऱ्याची चाकाची खुर्ची होती आणि ती ढकलणारी नर्स. बाई कशाबशा कडेने आत शिरल्या आणि दार लागेपर्यंत समोरच्या आकड्यांकडे बघत राहिल्या.